तिसरी हाक

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. जंगलाच्या तोंडाशी उभं राहून परदेशातून आलेल्या बारा विद्यार्थ्यांना मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की आत कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. हाक मारणारा माणूसच असेल तर तो तिसऱ्यांदा मारेल, तेव्हा द्यायची. अकरा जण हसले. एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

मी नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. ही मुलं महिनाभरासाठी आमच्याकडे आली होती आणि त्यांना विदर्भ दाखवायचा असं वर कुठेतरी ठरलं होतं. संत्र्याची बाग झाली, जिनिंगची गिरणी झाली, आणि मग एक दिवस जंगलाचा निघाला. त्यांच्यासोबत प्राणिशास्त्राचे सर जाणार होते. आदल्या दिवशी त्यांची कंबर धरली. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि अगदी सहज म्हणाले, "मॅडम, तुम्हाले फक्त इंग्रजी बोलायचं आहे. बाकी सगळं गाइड पाहून घेते." असं म्हणत एक कागद पुढे सरकवला. सर्व विद्यार्थ्यांना सुखरूप परत आणण्याची जबाबदारी माझी, असं त्यावर छापलेलं होतं. फक्त इंग्रजी बोलायला एवढी मोठी सही कशाला लागते, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी भित्री आहे. हे मी लाजून सांगत नाही, उंची सांगावी तसं सांगते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो पगारी नोकरीला आहे. आम्ही नागपूरच्या टोकाला, बेशात राहायला गेलो त्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचा म्हणून एक फोटो फिरला. तो शेजारच्या बंगल्यातला कुत्रा निघाला, हे सगळ्यांना कळल्यावरसुद्धा मी चार दिवस कचरा टाकायला खाली गेले नाही. नवरा म्हणाला, "तू जाऊन ये जंगलात. वाघाची काळजी वाटते मले, तुझं बोलणं ऐकून त्याचं डोकं उठायचं." मी हसले, पण रात्री माझा डोळा लागला नाही.

सकाळी उमरेड रोडने निघालो. मी देवाचं नाव घेत खिडकीशी बसले होते आणि शेजारी ती वहीवाली मुलगी होती. फिनलंडची. उंच, शांत, एकोणीस-वीस वर्षांची, उन्हाने नाक लाल झालेलं. ती सांगत होती की त्यांच्याकडे गावाला लागूनच जंगल असतं आणि कुणीही उठून त्यात शिरतं. हातात डबा घ्यायचा, झुडपांवरची फळं वेचायची, पोट भरलं की घरी. एकट्याने? मी विचारलं. एकट्यानेच छान वाटतं, ती म्हणाली. मी "अरे वा" म्हणाले आणि पुन्हा देवाकडे वळले. ते नीट ऐकलं असतं तर त्या पोरीला मी दिवसभर पदराला बांधून फिरवलं असतं.

माझी समजूत होती की आपण जीपमध्ये बसणार. जीप दुपारची होती. सकाळी गावाच्या बाजूने, जंगलाच्या कडेकडेने, एका बोडीपर्यंत, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, तिथपर्यंत पायी जाऊन यायचं होतं.

"पायी?" मी विचारलं.

"मंग कशानं, जी?" गाइड म्हणाली.

गाइड त्याच गावची बाई होती. चाळिशीची असेल. साडीवर वनखात्यासारखा हिरवा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी. तिने मुलांना अर्धवर्तुळात उभं केलं आणि एकेक नियम सांगायला लागली. ती मराठीत सांगायची, मी इंग्रजीत. एकामागे एक चालायचं. मोठ्यानं बोलायचं नाही. "वाकू नोका. वाकलेला माणूस वाघाले चारपायाचा दिसते." हे सांगताना माझी जीभ जरा अडखळली. मग ती पदराने तोंड पुसत हसत हसत म्हणाली, "आन आमच्या म्हाताऱ्या सांगत होत्या, जंगलात कोनं आवाज देल्ला तं दोन हाकेपावतर ओ देऊ नोका. माणूस तीनदा हाक मारते. बाकीचं काई तिसरी हाक मारत नाही."

बाकीचं म्हणजे काय ते तिनेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण तिने ते हसत सांगितलं होतं, गावाची एक गंमत म्हणून. मी मात्र घाबरलेली होते, आणि घाबरलेली मास्तरीण फार शिस्तीत बोलते. "नियम क्रमांक चार," असं म्हणून मी ते वाक्य दगडावर कोरल्यासारखं सांगितलं. बाईचं हसू इंग्रजीत उतरलंच नाही.

गाइड पुढे आणि मी शेवटी, असं ठरलं. शेवटच्या माणसाने सगळ्यांवर नजर ठेवायची असते. मार्च संपत आला होता. सागाची पानं गळून वाटेवर पापडासारखी पसरली होती आणि प्रत्येक पाऊल कर्रकन वाजत होतं. बारा मुलांची पावलं पुढे वाजत होती ती मला कळत होती. माझ्या मागे जे वाजत होतं ते माझंच पाऊल आहे का, हे मला कळत नव्हतं. मी थांबले की ते थांबायचं. पण माझ्यानंतर एक क्षणाने थांबतंय, असं मला वाटायचं.

वाटेत पायवाटेच्या मऊ धुळीत गाइडने काठी टेकवली. पंजा. माझ्या तळहातापेक्षा मोठा. मुलांनी फोन काढले. बाई खाली न वाकता, नुसती मान तिरपी करून बघत राहिली, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सकाळचा हाय. पिल्लंवाली हाय थे. पोरायले सांगू नोका, चालत राहा."

आणि तिथे मी ती गोष्ट केली जी मी घरी आजवर कुणाला सांगितलेली नाही. वाघ मागून येतो, शेवटच्याला धरतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. माझ्यापुढे ती फिनलंडची मुलगी चालत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मला पुढच्यांवर जरा लक्ष ठेवायचंय, तू माझ्या मागे चाल. ती "बरं" म्हणाली आणि बाजूला सरून मला वाट दिली. पुढे दोघं ओलांडून मी रांगेच्या मध्यात शिरले. माझी पाठ झाकली गेली तेव्हा मला जे बरं वाटलं, ते अजून आठवतं.

डाव्या हाताला जरा उतारावर मोहाची झाडं होती. खाली पिवळट फुलांचा सडा पडला होता आणि दूर गावातल्या दोनतीन बायका टोपल्या घेऊन ती वेचत होत्या. गोड, जड वास येत होता. गाइडने लांबूनच त्यांना हात केला. पुढे वाट वळली, बांबू लागला, आणि दहा-बारा मिनिटांनी बोडी दिसली. पाणी थोडंच उरलं होतं. काठावर एक बगळा होता. मुलं पाण्याकडे बघत उभी राहिली आणि मी हुश्श करून मोजायला लागले.

अकरा.

मी उलट बाजूने मोजलं. अकरा. मग तोंडं बघितली आणि कोण नाही ते कळलं. शेवटी कोण होतं, हे मी कुणाला विचारायचं? शेवटी मी होते. शेवटी मी असायला हवी होते.

मी गाइडला नुसती बोटं दाखवली, दहा आणि एक. ती एकदम आवाज खाली आणून बोलायला लागली. "कोनं ओरडू नोका. सगळे एका जागी, पाठीले पाठ लावून. आवाज एकच माणूस देईल, नाहीतर तिले समजणार नाही कोनतीकडून येऊन राहिला. तुमी द्या, मॅडम. तुमचा आवाज तिच्या वळखीचा हाय."

मी सगळं मुलांना सांगितलं. मग आलो त्या वाटेकडे तोंड करून तिच्या नावाने हाक मारली. एकदा. थांबले. काही नाही. दुसऱ्यांदा मारली. पान पडल्याचासुद्धा आवाज आला नाही. आणि बांबूपलीकडून वानर ओरडला. खक्. खक् खक्.

"वानर उगाच नाही बोलत," बाई म्हणाली. तिला ते सांगायची गरज नव्हती.

आम्ही सगळे मिळून, एकमेकांना धरून, शंभरेक पावलं मागे आलो. मी पुन्हा हाक मारली, दोनदा. दोन हाकांना उत्तर आलं नाही की माझ्या डोळ्यांपुढे तिचं ते उन्हाने लाल झालेलं नाक यायचं आणि पुढचं सगळं यायचं. मला हाक मारायची भीती नव्हती. हाक मारून पुन्हा काहीच ऐकू न येण्याची भीती होती. तिच्या आईला मी काय सांगणार होते? इंग्रजी येत असेल का तिला? हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला, याची मला आजही लाज वाटते. मुलं माझ्याकडे बघत होती. त्यातला एक मुलगा रडत होता. मी त्याला जवळ घेतलं नाही.

आणखी पुढे आलो. पुन्हा दोन हाका. पुन्हा वानर, आता उजवीकडून आणि जवळून.

गाइड माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, मी हाकेचं सांगतलं होतं ना सकाळी. थे तुमी पोरायले सांगतलं?"

"हो."

"कसं सांगतलं? हासून सांगतलं का खरं म्हणून सांगतलं?"

वही दिसली, पेन दिसलं, खाली मान घालून लिहिणारी ती दिसली. मी तीन जागी सहा हाका मारल्या होत्या आणि प्रत्येक जागी दोनवर थांबले होते.

"तीन मारा, जी," बाई म्हणाली. "लागोपाठ. घाबरू नोका."

मी तिचं नाव घेतलं. एक. आवाज चिरकला, पण गेला. पुन्हा घेतलं. दोन. मग मी श्वास भरून तोंड उघडलं, आणि अगदी डोक्यावरच्या फांदीवरून वानर खाकरला, फांदी गदगदा हलली, आणि उजवीकडच्या गवतातून काहीतरी जड सरकत गेलं. मला दिसलं काहीच नाही. गवत फक्त दुभंगलं आणि मिटलं. माझं तोंड उघडंच राहिलं. आतून हवासुद्धा आली नाही.

तिसरी हाक गाइडने मारली. ते परकं नाव तिने सकाळपासून माझ्या तोंडून ऐकलं होतं. तिने तसंच उचललं, शेवटचं अक्षर लांब ओढून, गावात गाय वळवताना ओढतात तसं.

आणि उत्तर आलं. "ओ" नाही. तिच्या भाषेत काहीतरी, मग इंग्रजीत, "मी इथे आहे." मोहाच्या बाजूने. फार लांबूनही नाही. पण जिकडे गवत मिटलं होतं, तीच बाजू.

"तिले सांगा, झाडाले पाठ लावून उभी राह्य. हालू नको," गाइड म्हणाली. हे मला ओरडता आलं. मग ती म्हणाली, "चाला, दोघी जाऊ. दोन बाया असल्या का बरं असते."

मी मागे उभ्या अकरा मुलांकडे बघितलं. "या मुलांना सोडून मी कशी येऊ?" मी म्हणाले. कारण खरं होतं. म्हणूनच ते इतकं चटकन सापडलं.

ती माझ्याकडे फक्त क्षणभर बघत राहिली. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "राहा, तुमी राहा," ती म्हणाली, आणि काठी सागाच्या खोडांवर आपटत, मोठमोठ्याने स्वतःशीच बोलत, उतरून गेली. मोहाखालच्या बायकांनाही तिने आवाज दिला. त्यांनी टोपल्या टाकल्या आणि जवळचे जेवणाचे डबे वाजवायला सुरुवात केली. तो डब्यांचा आवाज कमी-जास्त होत राहिला. बाईला घरी दोन मुली आहेत, हे तिने सकाळी चहा पिताना सांगितलं होतं. मी पाठ खोडाला लावून उभी होते आणि मला काही होऊ नये म्हणून प्रार्थना करत होते. मला, असं म्हणाले. बाईला किंवा त्या मुलीला, असं नाही. नंतर सुधारून दोघींसाठी केली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. डबे थांबले. मग बांबूच्या फटीतून आधी हिरवा शर्ट दिसला आणि त्यामागे, बाईचा पदर घट्ट मुठीत धरलेली, ती. टोपी उलटी करून छातीशी धरलेली, त्यात मोहाची फुलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. पण चालत होती, दोन्ही पायांवर. मुलं धावत सुटली. मला धावता आलं नाही. मी मटकन खाली बसले, वाकायचं नाही हा नियम विसरून.

गाइड माझ्याजवळ येऊन मराठीत, हलक्या आवाजात म्हणाली, "तिच्यापासून वीस पावलांवर बसली होती थे. गवत दबलेलं हाय, अजून गरम हाय. तिले सांगू नोका. रात्री झोपणार नाही पोरगी."

मी सांगितलं नाही.

मुलगी माझ्यापाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना मोहाचा वास येत होता. ती भराभर बोलत होती. फुलं बघून राहवलं नाही, दोनच मिनिटं थांबते असं वाटलं होतं. मग माकड ओरडलं, गवत हललं, आणि ती झाडाला चिकटून उभी राहिली. "मी तुमच्या हाका मोजत होते," ती म्हणाली. "दोन, आणि मग शांत. पुन्हा दोन, आणि शांत. मला वाटलं, हे तुम्ही नाही, ते दुसरंच काहीतरी आहे. मला फार ओ द्यावीशी वाटत होती. मी तोंडावर हात दाबून धरला होता." तिने हात दाखवला. अंगठ्याखाली तिच्याच दातांच्या खुणा होत्या. "मग तिसरी आली. तुमचा आवाज तेव्हा अगदी वेगळा येत होता. पण मी ओळखला. मला माहीत होतं, तुम्ही तिसऱ्यांदा माराल."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते वाक्य मला दोन्ही भाषांत येत होतं.

"हो," मी म्हणाले.

गाइड शेजारी उभी राहून बुटातला काटा काढत होती. इंग्रजी तिला ओ की ठो कळत नव्हतं. "काय म्हणून राहिली जी पोरगी?" तिने विचारलं.

"तुमचे आभार मानते आहे," मी सांगितलं.

"माझे काहून?" बाई संकोचून हसली. "मी तं एकच आवाज देल्ला. बाकीचे सारे तुमीच देल्ले ना."

ती काय म्हणाली, मुलीने डोळे पुसत मला विचारलं.

"ऊन वाढतंय, चला म्हणते," मी सांगितलं.